रेल्वेच्या चाकांमुळे उठणाऱ्या पृष्ठलहरींचं सिम्युलेशन: नाशिकच्या जमिनीसाठी टप्प्याटप्प्यानं

गाडी गेली की रुळालगतच्या घराची तावदानं का थरथरतात, हे संगणकावर दाखवायचं ठरलं की बहुतेक जण सॉफ्टवेअर उघडून आधी मेश, म्हणजे जमिनीच्या छोट्या तुकड्यांची जाळी, पाडायला बसतात. मग रुळावरून एक स्थिर भार धावडवतात, जमीन म्हणून कुठल्या तरी परदेशी शोधनिबंधातली एकसलग मऊ चिकणमाती घेतात आणि बोटीमागे पाण्यात उमटते तशी पाचर चित्रात दिसली की काम झालं असं समजतात. नाशिक रोड, ओढा किंवा निफाडच्या रुळाजवळ अशी पाचर उमटत नाही. ती का उमटत नाही हे न कळल्यामुळे पुढची सगळी आकडेमोड फसते.

रुळावरचा स्थिर भार लहरींच्या वेगापेक्षा खूप हळू धावत असेल, तर त्याचा खळगा गाडीसोबत सरकतो आणि काही मीटरांतच विरतो. १५-२० मीटरवर जे पोहोचतं ते चाक आणि रूळ यांच्यातल्या उंचसखलपणामुळे तयार झालेल्या बदलत्या बलांमधून येतं. म्हणून कामाचा क्रम असा: प्रश्न, जमीन, रूळ, गाडी, उंचसखलपणा, बलं. मेश त्यानंतर. जमिनीच्या पातळीवरचा किंवा कमी उंचीच्या भरावावरचा खडीचा मार्ग, ४ ते ८० हर्ट्झ आणि ८ ते ५० मीटर अंतर एवढीच इथली मर्यादा आहे. बोगदे आणि पूल यात धरलेले नाहीत.

## टप्पा १: वारंवारतांचा तक्ता कागदावर मांडा

गाडीचा वेग मीटर प्रति सेकंदात घ्या आणि रुळावरच्या प्रत्येक ठरावीक अंतरानं त्याला भागा. ११० किमी/तास म्हणजे ३०.६ मी/से. एलएचबी, म्हणजे नव्या बनावटीच्या प्रवासी डब्यांच्या गाडीसाठी:

- डब्याची लांबी २४ मी.: १.३ हर्ट्झ
- बोगीतल्या, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या गाड्यातल्या, दोन आसांमधलं अंतर २.५६ मी.: ११.९ हर्ट्झ
- चाकाचा परीघ, नवं चाक ९१५ मिमी, झिजलेलं ८४५ मिमी: १०.६ ते ११.५ हर्ट्झ
- स्लीपरमधलं अंतर, किलोमीटरला १६६० स्लीपर म्हणजे सुमारे ६० सेमी: ५१ हर्ट्झ

बॉक्सएन वाघिणींची मालगाडी ७५ किमी/तास वेगानं धरली तर बोगीतल्या २.० मी. अंतराचे १०.४ हर्ट्झ आणि स्लीपरचे ३५ हर्ट्झ येतात. जुने आयसीएफ डबे असतील तर बोगीतलं अंतर २.८९६ मी. घ्या. एलएचबीचा आकडा तिथे चालणार नाही.

हा तक्ता शेवटपर्यंत शेजारी ठेवा. निकालात एखादं शिखर दिसलं आणि ते तक्त्यात नसेल, तर ते जमिनीचं असेल, नाहीतर मेशचं.

तपासणी: तक्त्यातल्या वारंवारतांच्या दुप्पट-तिप्पट पटी आणि झिजलेल्या चाकाचा परीघ मोजणीत धरलाय का? चपटं झालेलं चाक एकाच वारंवारतेवर थांबत नाही. त्याच्या पटीही येतात.

## टप्पा २: जमीन मोजा, उचलून आणू नका

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. इगतपुरी ते मनमाड या पट्ट्यात जमीन दर काही किलोमीटरला बदलते. घोटी-लहवितकडे खडक हाताशी लागतो. ओढा, कसबे सुकेणे, निफाडकडे काळी खोल होत जाते आणि गोदावरीच्या गाळाजवळ थर आणखी वाढतो. पण सगळीकडे ढोबळ रचना एकच: मऊ थर पातळ आणि खाली कठीण बेसॉल्ट. एकसलग अर्ध-अनंत जमीन धरलेलं मॉडेल म्हणूनच इथे पहिल्या पायरीवर पडतं.

सुरुवातीला अंदाज म्हणून एस-लहरीचे (प्रवासाच्या दिशेला आडवं हलवणाऱ्या लहरीचे) हे वेग चालतील:

- काळी माती: ९० ते १८० मी/से, घनता १७०० ते १८५० किग्रॅ/घमी
- मुरूम: २५० ते ४५० मी/से, घनता सुमारे १९५०
- मांजऱ्या, म्हणजे झिजलेला फुटका खडक: ६०० ते १००० मी/से, घनता सुमारे २३००
- काळा पाषाण: १५०० मी/से आणि पुढे, घनता २७०० ते २८००

हे आकडे मोजणी बरोबर आली की नाही हे पाहण्यासाठी आहेत. मोजणी टाळण्यासाठी नाहीत.

पृष्ठलहरींची मोजणी अशी करा. ४.५ हर्ट्झचे २४ जिओफोन (जमिनीचं कंपन टिपणारी यंत्रं) एका सरळ रेषेत १ मीटर अंतरानं रोवा. ८ किलोचा घण लोखंडी प्लेटवर मारा. रेषेच्या दोन्ही टोकांपासून ३, ६ आणि १० मीटरवर प्रत्येकी पाच-पाच ठोके घेऊन बेरीज करा. अर्धा मिलिसेकंद सॅम्पलिंग आणि एक सेकंद नोंद पुरते. वेग-वारंवारता वक्र आणि त्यावरून थर काढायला जिओप्सीसारखं मोफत सॉफ्टवेअर आहे. खोली सर्वांत लांब तरंगलांबीच्या साधारण निम्म्यापर्यंतच खरी धरा.

इथे तीन गोष्टी हमखास चुकतात.

पहिली चूक: वक्रावरची उडी. मऊ माती आणि कठीण खडक यांच्या वेगात मोठी तफावत असली की लहरीचा मूळ मोड (कंपनाचा प्रकार) आणि पुढचा मोड एकमेकांना खेटतात. प्रोग्रॅम दोन्ही सलग जोडतो आणि खडकाची खोली चुकीची दाखवतो. उपाय सोपा आहे: त्याच नोंदींमधून पी-लहरीच्या (दाबाच्या, सर्वांत वेगवान लहरीच्या) पहिल्या आगमनाच्या वेळा काढून खडकाची खोली वेगळी मोजा आणि मगच वक्र उलटवा, म्हणजे त्यावरून थर काढा.

दुसरी: जवळच्या विहिरीकडे न पाहणं. शेतातल्या खोदलेल्या विहिरीच्या कडेला काळी, मुरूम, मांजऱ्या, पाषाण असे थर डोळ्यांना दिसतात. टेप सोडून खोल्या लिहून घ्या. दोन लाव्हा-थरांच्या मधे लालसर मातकट पट्टा दिसला तर तोही नोंदवा. वेगाच्या चढत्या क्रमात मधेच कमी वेगाचा थर येतो आणि उलट-गणित तो स्वतःहून शोधत नाही.

तिसरी: ऋतू. काळी माती मे महिन्यात भेगाळते आणि सप्टेंबरात पाण्यानं भरते. दोन्ही वेळचा एस-वेग सारखा नसतो. पी-वेग तर कोरड्यात ३००-४०० च्या आसपास आणि पूर्ण भिजलेल्यात १५०० मी/से, म्हणजे पाण्याचाच. दोनदा मोजता आलं तर उत्तम, नाहीतर दोन वेगळ्या जमिनी धरून मॉडेल दोनदा चालवा. द्राक्षबागेत मोजत असाल तर ठिबकच्या नळीखालची ओली रेघ टाळा, कारण तिथला जिओफोन शेजाऱ्यापेक्षा वेगळं बोलतो.

तपासणी: मऊ थराची स्वतःची वारंवारता काढा, म्हणजे त्याचा एस-वेग भागिले जाडीच्या चौपट. ३ मीटर काळी आणि १३० मी/से असेल तर १०.८ हर्ट्झ. या वारंवारतेच्या खाली पातळ थर लहरी फारशा वाहून नेत नाही, वर मात्र कंपन झपाट्यानं चढतं. आता टप्पा १ चा तक्ता बघा: चपट्या चाकाचे १०.६ ते ११.५ हर्ट्झ नेमके याच जागी बसतात. एखाद्या वस्तीत एखादीच गाडी जास्त जाणवते, त्यामागे असा योग असू शकतो.

इशारा: मोजणी रेल्वेच्या हद्दीबाहेरच करा. विनापरवाना हद्दीत शिरणं रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे आणि डोक्यावर २५ किलोव्होल्टची तार आहे. लोखंडी टेप किंवा लांब दांडा घेऊन तिकडे फिरकू नका.

## टप्पा ३: वेगांची तुलना, एका ओळीत

रॅले लहरीचा, म्हणजे इथल्या मुख्य पृष्ठलहरीचा, वेग काढायला हे पुरेसं आहे: प्वासाँ गुणोत्तराला (दाबल्यावर आडवं फुगण्याच्या प्रमाणाला) १.१४ नं गुणा, ०.८६२ मिळवा, त्याला (१ + गुणोत्तर) नं भागा आणि एस-वेगानं गुणा. गुणोत्तर ०.३५ असेल तर एस-वेगाच्या ०.९३ पट येतो. म्हणजे १३० मी/से च्या काळीत रॅले वेग सुमारे १२१ मी/से, तासाला ४३५ किमी.

अगदी वाईट धरू: चिंब भिजलेली काळी, एस-वेग ८० मी/से, गुणोत्तर ०.४९. तरी रॅले वेग ७६ मी/से, म्हणजे तासाला २७४ किमी निघतो. गाडी १३० नं धावली तरी निम्म्यावरही नाही. गाडीनं लहरींना गाठल्याचं प्रसिद्ध उदाहरण स्वीडनमधल्या लेडसगार्डचं, १९९० च्या दशकाच्या अखेरीचं. तिथली जमीन फार मऊ सेंद्रिय मातीची होती आणि गाड्या तासाला २०० किमीच्या आसपास जात होत्या. ते चित्र नाशिकच्या अहवालात चिकटवू नका.

## टप्पा ४: रूळ, पॅड, स्लीपर, खडी

६० किलोच्या रुळासाठी वाकण्याचा कडकपणा सुमारे ६.४ मेगान्यूटन-चौमी, वस्तुमान ६०.२ किग्रॅ/मी. दोन्ही रूळ एकाच तुळईत धरत असाल तर दोन्ही आकडे दुप्पट करा आणि पुढे भारही चाकाचा नव्हे, आसाचा लावा. रबर पॅड म्हणजे स्प्रिंग आणि डॅम्पर, काँक्रीटचा स्लीपर म्हणजे सुमारे २८५ किलोचं वस्तुमान, लांबी २.७५ मी., त्याखाली ३० ते ३५ सेमी खडी. भराव असेल तर तो स्वतंत्र थर म्हणून घ्या. मूळ जमिनीत मिसळू नका.

तपासणी: गाडी न धावडवता एका चाकाचा भार रुळावर ठेवा. बॉक्सएनचा आसभार २०.३२ टन, म्हणजे चाकाला साधारण १०० किलोन्यूटन. एका रुळाखालचा पाया मीटरला ४० मेगान्यूटन/मी धरला तर रूळ १.४ मिमी दबायला हवा. १ ते २ मिमीच्या बाहेर उत्तर गेलं तर पुढे जाऊ नका. १४ मिमी आले तर पॅडचं एकक चुकलंय, ०.१४ आले तर स्लीपर थेट खडकावर बसलाय.

## टप्पा ५: गाडी म्हणजे आसांची यादी

प्रत्येक आसाची जागा, आसभार आणि स्प्रिंगखालचं वस्तुमान, असे तीन रकाने करा. एलएचबीत बोगीच्या मध्यांमधलं अंतर १४.९ मी., बॉक्सएनमध्ये ६.५२४ मी. आणि वाघिणीची लांबी १०.७१३ मी. एलएचबी डब्याचा आसभार प्रकारानुसार १३ ते १६ टन.

१० हर्ट्झच्या वर डब्याचं वजन स्प्रिंगवर तरंगतं, रुळाला ते जाणवत नाही. तिथे मोजायचं ते स्प्रिंगखालचं वस्तुमान: डब्याच्या आसाला सुमारे १.६ टन, आणि मोटर आसावर टेकलेल्या डब्ल्यूएजी-९ सारख्या इंजिनाला जवळपास ४ टन. इंजिन गाडीत एकच असलं तरी निकालात पहिलं शिखर त्याचंच असतं. त्याला डब्यासारखं धरणं ही नेहमीची चूक.

मालगाडीच्या तीन-तुकडी बोगीत बाजूच्या चौकटी थेट आसपेट्यांवर टेकतात, म्हणून त्यांचं वजनही स्प्रिंगखालीच मोजा. शिवाय घर्षणाचे डॅम्पर छोट्या हालचालीला अडकून बसले तर वरचं वजनही काही काळ आसाशी बांधलं जातं. म्हणून अशा वाघिणीला दोन टोकांची दोन उत्तरं काढून ठेवा.

## टप्पा ६: उंचसखलपणा

रुळाची मोजलेली नोंद हातात असेल तर तीच वापरा. नसेल तर अमेरिकी रेल्वे प्रशासनाच्या (एफआरए) वर्गांचं उंचसखलपणाच्या वर्णपट-घनतेचं सूत्र चालतं: ०.२५ × अ × ०.८२४५ चा वर्ग, भागिले [(तरंगसंख्येचा वर्ग + ०.८२४५ चा वर्ग) × तरंगसंख्येचा वर्ग]. इथे 'अ' हा वर्ग ६ साठी ०.०३३९, वर्ग ५ साठी ०.२०९५ आणि वर्ग ४ साठी ०.५३७६.

आता एककं, कारण इथे भलेभले अडखळतात. 'अ' चौरस सेंटिमीटर-रेडियन प्रति मीटरमध्ये आहे. मीटरमध्ये आणताना दहा हजारानं भागायचं. विसरलात तर बलं शंभरपट येतात. तरंगसंख्या म्हणजे २ पाय (π) भागिले तरंगलांबी. नुसतं १ भागिले तरंगलांबी घेतलं तरी गणित चालू राहतं, चूक ओरडत नाही, उत्तर फक्त खोटं असतं.

नमुना तयार करताना प्रत्येक तरंगसंख्येची कोसाइन लहर घ्या, उंची २ × वर्णपट-घनता × पायरी याचं वर्गमूळ, कला यादृच्छिक, आणि सगळ्या मिळवा. ११० किमी/तास वेगाला ४ ते ८० हर्ट्झ म्हणजे ७.६ मीटर ते ३८ सेंटिमीटर तरंगलांब्या लागतात. एफआरएचे वर्ग दीड मीटरच्या खाली फारसे विश्वासाचे नाहीत, म्हणून २० हर्ट्झच्या वरचं उत्तर हे सूत्र ताणून काढलेलं आहे असं अहवालात स्पष्ट लिहा. लपवलंत तर वाचणाऱ्याची फसवणूक होते.

इशारा: सगळी चाकं त्याच रुळावरून जातात. एका बाजूच्या प्रत्येक चाकाला तोच नमुना द्या, फक्त अंतर भागिले वेग इतका उशीर ठेवून. प्रत्येक चाकाला वेगळा यादृच्छिक नमुना दिला तर बोगीतल्या अंतराचे उंचवटे-खळगे निकालातून गायब होतात.

नाशिक रोडच्या यार्डासारख्या ठिकाणी पॉइंट आणि क्रॉसिंग असतात, तिथला ठोका या सूत्रात नाही. तो वेगळा आघात म्हणून घालावा लागतो.

## टप्पा ७: बलं आधी, जमीन नंतर

प्रत्येक वारंवारतेला चाकाची लवचिकता (एकक बलाला होणारी हालचाल), संपर्काची लवचिकता आणि रुळाची लवचिकता यांची बेरीज करा, बेरजेची व्यस्त सारणी काढा, तिनं उंचसखलपणाला गुणा आणि चिन्ह उलटं करा. चाकाची लवचिकता वजा १ भागिले (वस्तुमान × कोनीय वारंवारतेचा वर्ग). हे वजा चिन्ह विसरलं की अनुनाद पूर्ण नाहीसा होतो. संपर्काच्या स्प्रिंगला १.२ गिगान्यूटन/मी धरा, ८० हर्ट्झपर्यंत तिचा प्रभाव नगण्य. एका बोगीतल्या दोन आसांचा रुळातून एकमेकांवर होणारा परिणाम मात्र सारणीत ठेवायलाच हवा.

तपासणी: टप्पा ४ मधल्या आकड्यांनी एका चाकाखालचा रूळ सुमारे ७२ मेगान्यूटन/मी कडक निघतो. डब्याच्या अर्ध्या आसाचे ८०० किलो त्यावर ठेवले की ४८ हर्ट्झ, इंजिनाच्या अर्ध्या आसाचे २००० किलो ठेवले की ३० हर्ट्झ. स्लीपर आणि रुळाचं वस्तुमान धरल्यावर दोन्ही शिखरं थोडी खाली सरकतील आणि रुंद होतील. तुमचं शिखर ६७ च्या आसपास आलं तर एका चाकाचं वस्तुमान आणि दोन रुळांचा कडकपणा अशी गल्लत झाली आहे.

## टप्पा ८: आता जमीन सोडवा

दोन रस्ते आहेत. रुळाच्या दिशेला जमीन आणि मार्ग एकसारखे असतील तर अडीच-मिती पद्धत घ्या: आडव्या छेदाचाच मेश, रुळाच्या दिशेनं तरंगसंख्या. पूर्ण गाडी यात सहज मावते. चर, भिंत, घराचा पाया असं काही मधे आलं तरच पूर्ण त्रिमितीकडे वळा. ओपनसीस हे सॉफ्टवेअर त्याला पुरेसं आहे. हौसेपोटी त्रिमिती घेतली तर संगणक आठवडाभर राबतो आणि कडा नीट नसतील तर उत्तर वाईटच मिळतं.

अडीच-मितीत तरंगसंख्येच्या पायऱ्या विरळ ठेवू नका. २ पाय भागिले पायरी हे अंतर किमान ४०० मीटर यायला हवं, नाहीतर तितक्या अंतरावर दुसरी भुताची गाडी धावू लागते. रॅले लहरीच्या तरंगसंख्येभोवती शिखर टोकदार असतं, तिथे पायऱ्या दाट करा आणि तिच्या दीडपट पुढे जाऊन थांबा.

### मेश आणि वेळेची पायरी

८० हर्ट्झला काळीतली तरंगलांबी १२१ ÷ ८० म्हणजे दीड मीटर. साध्या एलिमेंटला तरंगलांबीत आठ तुकडे हवेत, म्हणून १९ सेमी. मधला नोड असलेल्या एलिमेंटला चार पुरतात, ३८ सेमी. मुरमात साधा एलिमेंट ४५ सेमीपर्यंत, पाषाणात १-२ मीटरही चालेल. पण काळी-पाषाण जोडावर पाषाणातही बारीक एलिमेंट येतात, आणि एक्सप्लिसिट पद्धतीत वेळेची पायरी तेच ठरवतात. पाषाणातली पी-लहर ४५०० मी/से धरली आणि एलिमेंट ४७ सेमीचा असला तर मर्यादा सुमारे ०.०००१ सेकंद, सुरक्षित पायरी ०.००००८. इम्प्लिसिट न्यूमार्क वापरत असाल तर ८० हर्ट्झच्या एका आवर्तनात २० पायऱ्या, म्हणजे ०.०००६ सेकंद.

भिजलेल्या काळीला गुणोत्तर ०.४९ च्या वर दिलं की साधे एलिमेंट आखडतात (लॉकिंग) आणि जमीन खोटी कडक होते. कमी बिंदूंचं इंटिग्रेशन किंवा मिश्र एलिमेंट वापरा.

### धावता भार

भार थेट मातीच्या नोडवर ठेवून पुढच्या नोडवर उड्या मारू देऊ नका. तो रुळाच्या तुळईवर ठेवा आणि दोन नोडमध्ये तुळईच्या आकार-फलनांनी, आघूर्णासह, वाटून द्या. नाहीतर वेग भागिले एलिमेंटची लांबी एवढ्या वारंवारतेचं खोटं कंपन तयार होतं. रुळाचा एलिमेंट ६० सेमीचा घेतलात तर ही खोटी वारंवारता ५१ हर्ट्झ येते, म्हणजे हुबेहूब स्लीपरची. तक्त्याशी जुळलं म्हणून खूश होऊन अहवाल छापायला गेलेली प्रकरणं इथूनच निघतात.

भार एकदम चालू केला तर सुरुवातीचा धक्का लहर होऊन फिरत राहतो. तो मोजणीच्या जागेपासून दूर आणि हळूहळू चढवा.

### कडा आणि डॅम्पिंग

लायस्मर-कुल्हेमायरचे डॅम्पर, म्हणजे घनता × लहरीचा वेग × क्षेत्र, सरळ येणारी लहर छान गिळतात. कडेला तिरक्या येणाऱ्या पृष्ठलहरी मात्र अर्ध्यामुर्ध्या परततात. पीएमएल (लहर शोषून घेणारा) थर असेल तर तो घ्या. नसेल तर कड दूर न्या.

३% रॅले डॅम्पिंग १० आणि ६० हर्ट्झला बांधलं तर वस्तुमानाचा गुणांक ३.२३ आणि कडकपणाचा ०.०००१३६ येतो. मधे २५ हर्ट्झला ते २.१% पर्यंत उतरतं, ४ हर्ट्झला मात्र ६.६% वर जातं. खालच्या वारंवारतांना कंपन का मेलं असा प्रश्न पडला तर आधी इथे बघा. वारंवारतेच्या रस्त्यानं सोडवत असाल तर जटिल कडकपणा घ्या, ही कटकटच उरत नाही.

## टप्पा ९: गाडीआधी चार चाचण्या

१. एकसलग जमीन, एक बिंदू-ठोका. पृष्ठभागावरची रॅले लहर अंतराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात विरली पाहिजे आणि गुणोत्तर ०.२५ असताना आडवं-उभं प्रमाण ०.६८ च्या जवळ हवं.

२. घणाच्या ठोक्याचं जमिनीवरचं मोजमाप आणि मॉडेलचा तोच ठोका. हे जुळल्याशिवाय गाडी चालवू नका.

३. स्थिर भार, गुळगुळीत रूळ, सलग पाया. २० मीटरवर नोंद गुळगुळीत आणि जवळजवळ शून्य हवी. कुरकुर दिसली तर ती मेशची.

४. मेश निम्मा, कड दीडपट दूर. एक-तृतीयांश अष्टक पट्ट्यांत (वारंवारतांच्या ठरावीक गटांत) एका डेसिबलपेक्षा फरक पडला तर आणखी बारीक करा.

## टप्पा १०: रुळाशेजारी पडताळा

रुळाच्या मध्यापासून ८, १६ आणि ३२ मीटरवर जिओफोन लावा, सॅम्पलिंग किमान १००० हर्ट्झ. नांगरलेल्या ढेकळांत रोवू नका, वरची मोकळी माती काढून घट्ट जागी बसवा. ४.५ हर्ट्झच्या खालचा भाग जिओफोनच्या प्रतिसाद-वक्रानं दुरुस्त करा. गाडीचा वेग अंदाजानं लिहू नका: ८ मीटरवरच्या नोंदीत बोग्यांचे ठोके दिसतात, एलएचबीचे दहा डबे म्हणजे २४० मीटर, त्याला लागलेला वेळ मोजला की वेग मिळाला.

इथे एक फसवी जागा आहे. वरच्या तारेतला प्रवाह ५० हर्ट्झचा, शेतातल्या मोटरीही ५० हर्ट्झच्या, आणि ११० किमी/तास वेगाचं स्लीपर-शिखर ५१ हर्ट्झचं. विजेची घरघर केबलमध्ये शिरली की कुठलं काय, ओळखू येत नाही. ५० वर नॉच फिल्टर लावलात तर खरं शिखरही कापलं जातं. त्यापेक्षा ९० किमी/तासच्या आसपास जाणारी गाडी धरा: स्लीपर ४१.५ हर्ट्झवर सरकतात, विजेचे ५० जागेवर राहतात.

एकलहरे वीज केंद्राकडे कोळशाच्या गाड्या भरून जातात आणि रिकाम्या परततात. पडताळ्याला याहून चांगली सोय नाही. भरलेल्या बॉक्सएनचा आसभार २०.३२ टन, रिकाम्याचा ५.६ टन, म्हणजे ३.६ पट. तुलना सारख्या वेगाला आणि त्याच मार्गावर करा. ८ मीटरवर खालच्या वारंवारतांना फरक जवळपास तितकाच दिसायला हवा. १५ हर्ट्झच्या वर तो बराच घटायला हवा, कारण स्प्रिंगखालचं वस्तुमान दोन्हींत तेच. मॉडेल सगळीकडे ३.६ पट दाखवत असेल तर तुम्ही बदलतं बल आसभाराच्या प्रमाणात धरलं आहे, परत टप्पा ७. मोजणीतच फरक वरपर्यंत मोठा राहिला तर टप्पा ५ मधले अडकलेले डॅम्पर आठवा.

तुलना एक-तृतीयांश अष्टक पट्ट्यांत, एक सेकंदाच्या आरएमएस वेगानं करा. डेसिबलचा पाया लिहायला विसरू नका: अमेरिकी पद्धतीत सेकंदाला एक मायक्रोइंच, आंतरराष्ट्रीय मानकात सेकंदाला एक नॅनोमीटर. तेच कंपन दोन पायांवर २८ डेसिबलच्या फरकानं दिसतं. पट्टीत ५-६ डेसिबलच्या आत जुळलं तर मॉडेल चांगलं आहे. १० च्या पुढे गेलं तर या क्रमानं शोधा:

- सगळ्या अंतरांवर सारखाच फरक: उंचसखलपणा किंवा एककं
- अंतराबरोबर वाढत जाणारा फरक: डॅम्पिंग
- एकाच पट्टीत मोठा फरक आणि तो वेगाबरोबर सरकतो: आसांची यादी, स्लीपर किंवा चाकाचा परीघ
- एकाच पट्टीत, पण वेग बदलला तरी तिथेच: मऊ थराची जाडी किंवा त्याचा एस-वेग
- फक्त इंजिन जाताना फरक: स्प्रिंगखालचं वस्तुमान

एका वेळी एकच आकडा बदला, आणि तो मोजणीनं दिलेल्या पट्ट्याबाहेर नेऊ नका. काळीचा एस-वेग मोजला १३०, आणि जुळवण्यासाठी तो २२० करावा लागतोय, तर दोष दुसरीकडे आहे. अशा वेळी आधी विहिरीत टेप सोडून काळीची जाडी पुन्हा मोजा.